कचनारची साल कोणी खाल्ली?

"बकरीच आहे ती. मतलब, दुसरं कोण साल खाणार?" वरुण ठासून म्हणाला.

विद्याधर नगरातल्या सोसायटीच्या बागेत त्याच्या मैत्रिणी अनुया आणि ऋचा कचनारच्या झाडाच्या बुंध्याशी उकिडव्या बसल्या होत्या. जमिनीलगतची साल जवळजवळ सगळीकडून सोलली होती. उरली होती ती बोटभर पट्टी. तीही गेली की मुळांना अन्न पोचणार नाही आणि झाड वाळेल, हे शाळेत शिकलेलं अनुयाला नेमकं नको तेव्हा आठवलं.

हे झाड त्यांच्या मित्राचं, निलयचं. वडिलांची नागपूरला बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकजवळ उभा राहून तो अनुयाला म्हणाला होता, "माझ्या झाडाकडे बघशील ना?" पुढच्या आठवड्यात तो सुट्टीला येणार होता. त्याला काय तोंड दाखवायचं?

"माळीभैयांकडून गेरू आणू," ती म्हणाली. "वाळवी लागू नये म्हणून ते झाडांना लावतात ना, तोच. बुंध्याला दाट थापू. जिचं तोंड लाल, ती चोर."

"आणि बकरीने तोंड पुसलं तर?" ऋचाने विचारलं.

"रुमाल घेऊन फिरते का ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गेरू थापून तिघं दूध प्यायला घरी पळाली. परत आली तर गेटबाहेर चरणाऱ्या सगळ्या बकऱ्यांची तोंडं स्वच्छ! तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आनंदरावकाका तरातरा आले. त्यांचा पांढराशुभ्र पायजमा गुडघ्यापर्यंत लाल ठिपक्यांनी भरला होता.

"हा रंग कुठे सांडून ठेवलात रे?"

वरुण ऋचाच्या मागे सरकला. अनुयाने पायजम्यावरचे ठिपके निरखून पाहिले.

"काका, तुम्ही आत्ता काय करत होतात?"

"गवत कापत होतो. नवीन मशीन आणलंय ना! अगदी बुंध्यापर्यंत साफ होतं."

त्यांच्या हातातल्या मशीनची फिरणारी नायलॉनची दोरीही लाल झाली होती. अनुयाने बुंध्याकडे बोट दाखवलं. काका वाकले, सोललेल्या सालीवरून त्यांनी हात फिरवला आणि मशीन खाली ठेवलं.

"बरं झालं, मला पकडलंत. पट्टी शाबूत आहे, झाड वाचेल," ते म्हणाले.

संध्याकाळी सगळ्या मोठ्यांसमोर त्यांनी आपली चूक सांगितली आणि मुलांची पाठ थोपटली. झाडांजवळ मशीन न्यायचं नाही, असं ठरलं. मग ते स्वतःच खुरपं घेऊन कचनारपाशी बसले.

"बँकेत होतो तेव्हा बदलीच्या प्रत्येक गावी मी एक झाड लावलं," ते अनुयाला हळूच म्हणाले. "पुन्हा कधी चौकशी केली नाही. तिथे असेल का गं कोणी तुझ्यासारखी?"

"असेल, काका," अनुया म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून गवत उपटू लागली.