६१८ नंबरची तक्रार

खोटंच लिहायचं असतं तर मी यात माझ्या नणंदेचं नाव घातलं नसतं.

हे घडलेलं आहे. चौदा ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी, भर उन्हात. भुताला काळोखच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या गल्लीत येऊन राहावं.

गाव वेदरली, मिसूरी. मी पॉलेट, इथल्या नगरपालिकेत सव्वीस वर्षं कारकून. गावाची ओळख करून देणारं पान मीच लिहिते. लोकसंख्या दोन हजार तीनशे बारा. स्वतःचा महापौर, स्वतःचे पोलीस, स्वतःचा आगीचा बंब. जुनी झाडं, विटांची घरं, शांत वस्ती.

पानावर जे लिहीत नाही ते इथे लिहिते.

गवत सहा इंचांच्या वर गेलं की नोटीस. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला की नोटीस. आणि हे शोधायला नगरपालिका हिंडत नाही, शेजारी कळवतात. आमच्याकडे कुणी भांडत नाही. ओठात एक आणि पोटात एक. हसून हात हलवायचा, घरात जायचं आणि फॉर्म भरायचा.

फॉर्मवर नाव नसतं. घराचा नंबर, घरात राहणारी माणसं किती, आणि तक्रार. तो नंबर फक्त आमच्या ऑफिसात दिसतो.

नॉर्मा माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट. ती आणि तिचा नवरा व्हर्न ६१६ नंबरमध्ये राहायचे. शेजारी ६१८, व्हेल्मा क्रॅटकीचं घर. एकटी म्हातारी, गुडघे गेलेले, व्हीलचेअरवर. तिच्या पुतण्याने पुढच्या तीन पायऱ्यांवर प्लायवूडचा रॅम्प ठोकून दिला होता. रोज चारच्या सुमारास ती खाली यायची, टपाल घ्यायची, परत वर जायची.

चाकांचा आवाज गल्लीभर यायचा. गड... गड... गड...

मग जाळीचं दार. फट्.

चार वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर त्या रॅम्पबद्दल फॉर्म आला. 'समोरून दिसतं. गल्लीची शोभा जाते.' घराचा नंबर ६१६. माणसं दोन.

अक्षर नॉर्माचं होतं. मी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी नॉर्मा व्हेल्माकडे बटर केक घेऊन गेली आणि 'कुणाचं मन असं दगडाचं असेल' म्हणून हळहळून आली.

व्हेल्माने आम्हाला पत्र लिहिलं. 'मला शोभा नको. दार ओलांडता आलं पाहिजे, एवढंच.' नगरपालिकेच्या बांधकाम मंडळाने उत्तर दिलं की रॅम्प हवा असेल तर विटांचा बांधा, आधी नकाशा मंजूर करून घ्या. नोटिशीचे तीस दिवस संपले. रॅम्प निघाला.

अकराव्या दिवशी ती टपालासाठी पायऱ्या उतरायला गेली.

दुसऱ्या दिवशी टपालवाल्याला पायऱ्यांशी सापडली. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत असावी. तिथून नॉर्माच्या स्वयंपाकघराची खिडकी वीस पावलांवर आहे.

घर विकलं गेलं, पाडलं गेलं. नव्या मालकाचा नकाशा मंडळात अडकला, म्हणून तिथे हिरवळ लावली. सहा इंचांच्या आत.

या वर्षी एप्रिलमध्ये व्हर्नला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मुलगी ब्रेंडा डेन्व्हरहून आली आणि बाबांना रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू म्हणाली.

"चव्वेचाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी उठलेय," नॉर्मा म्हणाली. "त्याला परक्यांच्या हाती देणार नाही."

"मग सांभाळ. पण एकदा जरी काही झालं ना आई, तर मी घेऊन जाणार. मग माझ्याशी भांडायचं नाही."

नॉर्माने सगळं रीतसर केलं. नकाशा, मंजुरी, विटांचा रॅम्प. व्हर्नने डाव्या हाताने अर्जावर सही केली. जूनमध्ये काम संपलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या दारावर नारिंगी नोटीस लागली.

ती तणतणत माझ्या ऑफिसात आली. "कोण उठलंय गं माझ्या मुळावर?"

"मला माहीत नाही. मी रजेवर होते, माझ्या जागी बसलेल्या बाईने शिक्का मारलाय."

"नंबर बघ. भावाची बायको आहेस माझ्या, तेवढं तरी कर."

मी फॉर्म काढला.

'समोरून दिसतं. गल्लीची शोभा जाते.' घराचा नंबर ६१८. माणसं एक.

अक्षर तिरपं, लांब शेपट्यांचं. तेच अक्षर माझ्या कपाटात एका पत्रावर होतं.

नॉर्मा खुर्चीत बसली. मग म्हणाली, "ही वाक्यं तुला माहीत होती."

"तुलाही होती."

"म्हणजे तूच. चार वर्षं पोटात ठेवलंस आणि आता त्या अपंग माणसावर उगवतेस?"

"मी शिक्के मारते, नॉर्मा. फॉर्म भरते ती तू."

आमचं बोलणं त्या दिवशी तुटलं. मोकळ्या जागेवरून आलेली तक्रार म्हणून मी ती रद्द केली. मला वाटलं, मिटलं.

पुढचं नॉर्माने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी ती व्हर्नची कॉफी ओतत होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि शेजारच्या रिकाम्या हिरवळीवरून...

गड... गड... गड...

फट्.

"व्हेल्मा आली," व्हर्न म्हणाला.

"व्हेल्मा नाही आता, व्हर्न."

"अगं, दार वाजलं की तिचं. ती म्हणते, माझ्याकडे ये. तिचा रॅम्प हलका आहे चढायला. तुझा फार उभा आहे."

रोज तेच. नॉर्माने पडदे ओढले, रेडिओ मोठ्याने लावला, त्याला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. रेडिओच्या खालून आवाज यायचाच.

सप्टेंबरमध्ये एकदा ती अंघोळ करून बाहेर आली तर खोलीत व्हर्न नव्हता. तो बाहेर होता, रॅम्पच्या तळाशी, खुर्चीत बसलेला. खुर्चीचा ब्रेक लावलेला होता.

पुढच्या दाराला आतून कडी होती...

हे तिने ब्रेंडाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर व्हर्न गेला असता.

चौदा ऑक्टोबरला साडेतीनला माझा फोन वाजला. जूननंतर पहिल्यांदाच.

"पॉलेट, ये. आज तो इस्त्रीचा शर्ट मागतोय. म्हणतो, बोलावणं आहे."

मी गेले. राग होता, पण गेले. व्हर्न इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसला होता. ब्रेक लावलेला. नॉर्मा खुर्चीचा दांडा धरून उभी होती, हात पांढराफटक पडला होता.

चार वाजून आठ मिनिटांनी तिने दांडा माझ्या हातात दिला. "सोडू नकोस," म्हणाली. आणि पुढचं दार उघडून त्या रिकाम्या हिरवळीकडे बघत उभी राहिली.

"व्हेल्मा, तक्रार मी केली होती. केक घेऊन आले तेव्हा तोंडावर हसले. मला काय करायचं ते कर. त्याला मात्र राहू दे."

गल्लीत कुठे पानही हललं नाही. आम्ही दोघी घड्याळ बघत राहिलो. चार दहा झाले. अकरा झाले. हिरवळीवरून काही आलं नाही.

नॉर्मा रडायला लागली. मलाही हायसं वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवायला मी पुढे झाले.

दांडा सोडून.

गड... गड... गड...

आवाज आमच्या मागून आला आणि आमच्या दोघींच्या मधून पुढे गेला. प्लायवूडवरून चाकं जावीत तसा. त्या घरात प्लायवूड कुठेच नाही.

मग जाळीचं दार. फट्. नॉर्माच्या घराला जाळीचं दार नाही.

मी वळून बघितलं तर खोलीत खुर्ची नव्हती.

ती हिरवळीच्या मधोमध होती. रिकामी. मांडीवरची शाल घडी करून ठेवलेली. नुकतंच पाणी मारलेलं होतं, गवत ओलं होतं. चाकांची एकही रेघ त्यावर नव्हती.

पोलिसांनी कुत्री आणली. पूर्वी व्हेल्माच्या पायऱ्या होत्या त्या जागेपर्यंत कुत्री धावत गेली आणि तिथेच थांबली. व्हर्न आजपर्यंत सापडलेला नाही. ब्रेंडा आईशी बोलत नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

त्यानंतर तेराव्या दिवशी ऑफिस उघडलं तर दाराच्या फटीतून टाकलेला एक फॉर्म जमिनीवर पडला होता. अक्षर वाकडंतिकडं, डाव्या हाताने लिहायला शिकत असलेल्या माणसाचं. ते मी रॅम्पच्या अर्जावर बघितलेलं आहे.

'६१६ चा रॅम्प आता वापरात नाही. काढून टाकावा.'

घराचा नंबर ६१८.

घरात राहणारी माणसं... दोन.

तो माझ्या खणात आहे. नियमाने तीस दिवसांत शिक्का मारायला हवा, आज सव्विसावा दिवस आहे. गावाच्या पानावरचा आकडा एकाने कमी करा असं मला वरून दोनदा सांगून झालंय. मी अजून केलेला नाही.

नॉर्माला मी हा फॉर्म दाखवलेला नाही. ती रोज दुपारी चारला पुढचं दार उघडते आणि रॅम्पवरची पानं झाडून काढते. तो परत आला तर चाकं अडायला नकोत, म्हणते.