दारावरचा हात कुणाचा

या हकिकतीत एक खोटं आहे. ते माझं आहे.

बाकी सगळं घडलेलं आहे... माझ्यासमोर आणि माझ्यामागे.

तारीख ८ ऑक्टोबर २०२३. रविवार. दुपारचे चार. म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीत गुरुदासचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, त्याच्यावरचा हॉल. रात्र नव्हती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं आणि आत आम्ही एकवीस माणसं होतो.

पण त्याआधीचं सांगायला हवं.

मी शंभू. डिचोलीला राहतो. खाणीवर टाइमकीपर होतो. खाण बंद पडली आणि मी घरी बसलो. बायको, सुलोचना, वर्षभर वास्कोला मुलीकडे आहे, नातवंडासाठी.

१९९४ साली टीव्हीवर 'माडीवरची' नावाची मालिका लागायची. दर गुरुवारी, एकूण तेरा भाग. एका घराची माडी, वर कुलूप, आणि आत कुणीतरी. ती बाई शेवटपर्यंत दिसत नाही. सातव्या भागात दार एवढंसं उघडतं आणि फटीतून फक्त एक हात येतो. हिरव्या काकणांचा. काकणं दाराच्या फळीवर तीनदा वाजतात... थांबतात... आणि मग एकदा.

बस. एवढंच. पण तेव्हा आमच्याकडे बायका गुरुवारी माळ्यावर जायच्या नाहीत.

पुढे आम्ही वेड्यांनी मोबाइलवर ग्रुप केला. 'माडीवरचीची माणसं.' दोनशेच्या वर लोक. मी त्याचा ॲडमिन.

२०१७ साली कुणीतरी विचारलं, तो हात कुणाचा होता? नामावलीत नाव नव्हतं. शूटिंग पेडण्याच्या बाजूला झालं होतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

मी लिहिलं, "माझ्या आत्याचा. कै. पद्मावती."

का लिहिलं ते खरंच सांगता येत नाही. खाण सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी चाळीस जणांनी विचारलं.

माझे वडील एकुलते एक. मला आत्या नाही. कधीच नव्हती.

पण मग ती वाढत गेली. मी तिला उंच केलं, कमी बोलणारी केलं. तिची पुण्यतिथीही ठरवली. दरवर्षी त्या दिवशी ग्रुपवर फुलं यायची, हात जोडलेले यायचे. मी सगळ्यांचे आभार मानायचो.

मग २०२३च्या सप्टेंबरात बातमी आली. 'माडीवरची'वर सिनेमा निघतोय.

ग्रुप पेटला. पेडण्याच्या विनोदिनीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी लिहिलं, "आता हे तिचा चेहरा दाखवणार. चेहरा दाखवला की संपलं." गुरुदास म्हणाला, कॉम्प्युटरवर भूत करतील, पांढरे डोळे आणि केस उडालेले. कुणी म्हणे नवी नटी फार गोरी. कुणी म्हणे निदान काकणांचा आवाज तरी जुनाच ठेवा. तीन दिवस हेच.

शेवटी ठरलं, सिनेमावाल्यांना पत्र लिहायचं. चेहरा दाखवू नका. आवाज बदलू नका. आणि विनोदिनीबाईंनीच सुचवलं, "नामावलीत पद्मावतीबाईंचं नाव घाला. तीस वर्षांनी तरी."

सगळ्यांनी मान्य केलं. मीही मानभावीपणे लिहिलं, "आत्याला हे आवडलं नसतं. पण तुमचा मान राखतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवरच एका बाईंचा निरोप आला. त्या आत येऊन महिनाच झाला होता, आजवर काही बोलल्या नव्हत्या. जानकी. पेडण्याजवळच्या कोरगावच्या. बालवाडीत शिकवायच्या.

"माफ करा, पण तो हात माझा आहे. मी तेव्हा गावच्या नाटकात काम करायची. त्यांना फक्त हात हवा होता. काकणं माझीच होती. दार ओढताना एक फुटलं आणि मनगटाला लागलं. तो शॉट त्यांनी तसाच ठेवला. सातव्या भागात बघा, अंगठ्याच्या खाली बारीक रक्त आहे. माझं नाव आलं तर बरं वाटेल. राग नसावा."

तो भाग मी शंभर वेळा तरी पाहिला असेन. पुन्हा लावला. हात आला तिथे थांबवला. मोठा करून पाहिला.

अंगठ्याच्या खाली... बारीक लाल रेघ होती.

म्हणजे मला कळलं होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे केलं ते न कळता केलं असं कुणाला वाटू नये.

मी ग्रुपवर लिहिलं, "सिनेमाची बातमी आली की असे दावे करणारे उगवतातच. माझ्या मेलेल्या आत्याचा हात कुणी स्वतःचा म्हणावा, याचं दुःख होतं."

लोक त्या बाईंवर तुटून पडले. कुणी हसले. कुणी पुरावा मागितला. त्यांनी एवढंच लिहिलं, "पुरावा म्हणजे हातच आहे."

मी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

आठवडाभरानं आला तो रविवार. गुरुदासनं सगळे भाग जमवून ठेवले होते. पत्रावर सह्या करायच्या आणि सातवा भाग एकत्र बघायचा, असा बेत. खिडक्यांना चादरी लावल्या. मी पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर.

भाग सुरू झाला. जिना. कुलूप. कुलूप पडल्याचा आवाज.

दार किलकिलं झालं.

काकणं वाजली. तीनदा... थांबली... एकदा.

हात आला नाही.

नुसती फट. काळी. तिच्यात काही नाही. मला वाटलं, माझी नजर चुकली. पण मी ती फट बघत राहिलो, शॉट संपेपर्यंत.

मागे लोकांनी सुस्कारे सोडले. विनोदिनीबाई म्हणाल्या, "अजूनही काटा येतो अंगावर. तो हात बघितला की."

त्यांना दिसला होता. सगळ्यांना दिसला होता.

मी गुरुदासला म्हटलं, "तेवढं परत लाव."

त्यानं लावलं. काकणं वाजली. दारात काही नव्हतं.

चादरी काढल्या, ऊन आत आलं, च्या आला. सह्या सुरू झाल्या. गुरुदास माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शंभूबाब, तुमच्याबरोबरच्या बाईंनी च्या घेतला नाही. गोड चालत नाही काय त्यांना?"

"कोण बाई?"

"त्या मागच्या खुर्चीवरच्या. तुमच्या मागोमागच जिना चढून आल्या. उंच आहेत त्या."

मी वळलो. शेवटच्या रांगेत कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. तिच्याखाली च्याचा ग्लास होता, भरलेला. वर साय धरली होती.

"आत्ता तर होत्या," गुरुदास म्हणाला.

मी सही न करताच निघालो.

त्या रात्री झोप लागली नाही. घरात काही वाजलं नाही, काही हललं नाही. मी फक्त जागा होतो, आणि जानकीबाईंचे शब्द आठवत होते. राग नसावा.

सोमवारी सकाळी म्हापशाला जाऊन कोरगावची बस धरली. वाटलं, जाऊन पाय धरू. खोटं बोललो म्हणून सांगू. ग्रुपवरही लिहू.

बालवाडीच्या बाई म्हटल्यावर घर लगेच दाखवलं. काजूच्या बागेला लागून कौलारू घर. दारात त्यांच्या धाकट्या बहीण बसल्या होत्या. शेवंती. डोळे सुजलेले. आत भिंतीशी समई तेवत होती.

मला कळलं. तरी विचारलं.

"गुरुवारी गेली," त्या म्हणाल्या. "शुगर होती. झोपेतच गेली. तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. वाटलं, आता दार लावतील. पण त्या सरकून बसल्या.

"बसा. तुमचां नाव ती सांगत होती."

"मी त्यांना फार वाईट बोललो."

"होय. रडली ती एक दिवस. मग म्हणाली, तेची आत्याय आसतली थंय. दोघींचे हात घेतले आसतले. आपल्याक काय म्हायत? आपण उगीच त्या माणसाक दुखवलां."

जानकीबाईंनी माझं खोटं खरं मानलं होतं. मी ओसरीवर बसलो होतो आणि मला मान वर करता येत नव्हती.

मी म्हटलं, "बाई, ऐका. त्यात काही खरं नाही. माझी आत्या..."

"त्या काल येवन गेल्या," शेवंतीबाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुमची आत्या. शंभूची आत्या म्हणून सांगल्यानी. दिवेलागणीक. आत काय आल्या नाय, उंबऱ्यारच बसल्या. तुम्ही ग्रुपवर त्या गेल्या म्हणून लिहिलेलां, तां बी जानकीन माका सांगलेलां. म्हणून मी जरा दचकले. पण म्हटलां, भांडण झालां आसतलां घरात, माणसां असां बोलतत."



"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, माझ्या बाबलान वायट केल्यान. तेका क्षमा करा. एवढांच. आणि येतंय पण म्हणूक नाय, उठून गेल्या. सुतकाच्या घरातून तसांच जातत, म्हणून मी पण अडवलां नाय."

बाबल.

हे माझं घरचं नाव. वडील मला बाबल म्हणायचे. आई म्हणायची. दोघंही माझ्या लग्नाआधीच गेली. सुलोचनालासुद्धा ते नाव माहीत नाही. ग्रुपवर ते मी कधी लिहिलेलं नाही.

शेवंतीबाईंना मी खरं सांगायला आलो होतो... आणि सांगू शकलो नाही. त्या बिचाऱ्या एका बाईनं मागितलेल्या क्षमेवर समाधान मानून बसल्या होत्या. मला आत्याच नाही, हे त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू? मी समईला हात जोडले आणि उठलो.

परतीच्या बसमध्येच ग्रुपवर सगळं लिहिलं. हात जानकीबाईंचा होता. मनगटावरचं रक्त मी पाहिलं होतं आणि तरी त्यांना खोटं पाडलं. मला पद्मावती नावाची आत्या नाही. माझे वडील एकुलते एक होते.



मग विनोदिनीबाईंनी लिहिलं, "तुमची तब्येत बरी नाही, शंभूबाब. रविवारीच लक्षात आलं. विश्रांती घ्या."

आणखी दोघांनी तेच लिहिलं. रविवारी मागच्या रांगेत बसलेली बाई त्यांनीही पाहिली होती. एकानं तर तिला माझ्याच घरची समजून वाट दिली होती. बाकीच्यांनी माझ्यासाठी हात जोडले.

एकही माणूस विश्वास ठेवीना. जानकीबाईंवर ठेवला नव्हता, तसाच.

शेवटी गुरुदासचा निरोप आला. "असं लिहू नका. पद्मावतीबाईंना वाईट वाटेल."

मी ग्रुप सोडला. सिनेमावाल्यांना स्वतंत्र पत्र धाडलं, जानकीबाईंचं नाव घालून. उत्तर नाही. ग्रुपचं पत्र मात्र पोचलं असं ऐकतो. त्यात पद्मावतीचं नाव आहे.

सातवा भाग मी अजून लावतो. हात दिसत नाही. काकणं ऐकू येतात.

सुलोचना म्हणते, वास्कोला या, तिथे एकटे कशाला राहता. मी काहीतरी कारण सांगतो. मुलीच्या घरी लहान मूल आहे. माझ्यामागोमाग जिना चढून कोण येईल, ते मला ठाऊक नाही.

हे मी डिचोलीच्या बसस्टँडवर बसून लिहिलं. इथे माणसं आहेत, गडबड आहे. मला आत्या नाही, हे वाक्य मी इथे लिहू शकतो.

घरात बसून मी ते म्हणत नाही.