रिमोट कोणाच्या हातात

मे महिन्यातलं नांदगाव पेठेचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. कापड कारखान्याच्या अंगणात उभ्या कंटेनरच्या पत्र्यावर डोमाजी हमाल पापड भाजून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर त्याच्याकडचा एक पापड खाऊन बघा. अशा उन्हात, भर एक वाजता, प्रियदर्शनीच्या जेवणाच्या डब्यावर आकाशातून एक ड्रोन उतरला. अगदी सावकाश, पाहुण्यासारखा. चटणीवर एक पाय, भाकरीवर तीन.

ती दचकली नाही. सहा वर्षं ती इथून कंटेनर रवाना करत होती. रोज शंभर कागद, शंभर सह्या, आणि माल कधी न पाहिलेल्या देशांना. दचकायलाही अंगात थोडा जोर लागतो.

मागून एक उंच माणूस धावत आला. धावत म्हणजे… जवळपास धावत.

"माफ करा मॅडम! तुमी इथं कशा?"

"मी? मी जेवून रायली. तुमचं यंत्रच जेवाले आलं."

"इथं तं ट्रेलर होता ना…"

"शेषराव ड्रायव्हरनं नेला सावलीत. तो हालला की इथं वारा येते, म्हून टेबल आणला."

त्यानं कपाळाला हात लावला. "मी त्या ट्रेलरवरूनच उडवला होता. बॅटरी उतरली की हा जिथून उडाला तिथंच परत येते. ट्रेलर गेला हे त्याले काय माहीत!"

हा अश्विन, तेल्हाऱ्याचा. सात वर्षं मालवाहू जहाजांवर ड्रोन उडवायचा. जहाजाच्या पोटात जिथं पूर्वी माणसं शिडीनं उतरायची, तिथं आता याचा ड्रोन फिरून फोटो आणायचा. सध्या तो सुट्टीवर होता. मागच्या महिन्यात एका कंटेनरला भोक निघालं, समुद्राचं पाणी शिरून कापड भिजलं आणि सगळा माल परत आला. म्हणून कारखान्यानं छतांचे फोटो काढायला त्याला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं.

"जहाजावर असेच दोन बुडवले मी," तो भाकरीवरचा ड्रोन उचलत म्हणाला. "जहाज पुढं निघून गेलं… अन् हे बिचारे जुन्या जागी परत आले. खाली नुसतं पाणी."

त्याचे डोळे लाल होते. झोप नव्हती त्यांत, कितीतरी महिन्यांची. प्रियदर्शनीनं ते पाहिलं, आणि उरलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

तिला मात्र फोटोंवर भरवसा नव्हता. तिची रीत जुनी. कंटेनरमध्ये शिरायचं, दार बाहेरून लावून घ्यायचं आणि अंधारात कुठून उजेड येतो ते पाहायचं. बाहेर झाडलोट करणारी पंचफुलाबाई साठ आकडे मोजून दार उघडायची. आकडे संपेपर्यंत आत भट्टी.

"माह्या फोटोत छत चांगलं हाये," अश्विन म्हणाला.

"मंग या आत."

दार लागलं. अंधार, घाम, दोघांचे श्वास… आणि कोपऱ्यात सुईएवढा एक उजेड.

"हे पाहा तुमचं चांगलं छत!"

"मानलं बाप्पा."

त्या दिवसापासून प्रत्येक कंटेनर दोघं मिळून तपासू लागले. कारखान्यातले लोक म्हणतात, पंचफुलाबाईचे साठ आकडे दिवसेंदिवस लांबत गेले. एकदा तर डोमाजीचा चहा पिऊन झाला तरी ती तेवीसवरच होती. आत फारसं बोलणं नसायचं. दोन थकलेली माणसं मिनिटभर गप्प उभी. कुणी सही मागत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. एवढंच, पण त्या मिनिटासाठी ती आता रोज आधीची बस धरू लागली होती.

तिसऱ्या शुक्रवारी शेवटचा कंटेनर होता. दार लागलं.

"सोमवारी जहाज धरतो," तो म्हणाला. "सहा महिने."

"जा ना. मी काय धरून ठेवलं?"

बाहेर पंचफुलाबाई… अकरा… बारा…

"परवा आमच्या घरी पाहुणे येऊन रायले," ती अंधाराला म्हणाली. "अकोल्याचे. मले पाहाले."

अंधारात त्यानं गळ्यातला रिमोट काढला.

"तुमी सहा महिन्यांनी परत याल… इथंच, याच जागी. अन् खाली पाणी असन."

घामाचं निमित्त करून तिनं ओढणीनं तोंड पुसलं. अंधारात कोण पाहणार होतं म्हणा!

… चाळीस… एक्केचाळीस…

"दोन बुडाले, मंग मी शिकलो," अश्विन हळूच म्हणाला. "घराची खूण जागेवर ठेवाचीच नाही. रिमोट ज्याच्या हातात, तेच घर. तो माणूस कुठीही जावो, यंत्र त्याच्याकडंच येते." तिच्या तळहातावर काहीतरी गरम, जडसं टेकलं. "हा ठेवा तुमच्यापाशी. माह्याजवळ दुसरा हाये."

"अन् बाबाले काय सांगू? रिमोट भेटला म्हून?"

"त्याईले मी सांगतो. आताच. फोन नंबर द्या."

"आत रेंज नसते, साहेब."

"मंग दार उघडा!"

"पंचफुलाबाई, दार!"

"एकोणसाठ… एकोणसाठ… थांब व माय, साठ नाही झाले अजून!"

दार उघडलं. उन्हात डोळे मिचकावत, सगळ्या हमालांसमोर, त्यानं तिच्या वडिलांना, देवमनबाबांना, फोन लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं, आणि मागणी घातली. पलीकडून बाबांचा एकच प्रश्न आला.

"पोरगी काय म्हणते?"

तिनं फोन ओढून घेतला. "हो म्हणते, बाबा."

"मंग आधी काहून नाही सांगितलं व? अकोल्यावाल्याईले आता नाही म्हणा लागन. अन् रविवारी त्या ड्रोनवाल्याले जेवाले बोलाव. तू सांगत होती तो, आपल्या भाकरीवर यंत्र ठेवणारा माणूस मले पाहू दे!"

सोमवारी तो गेला. जायचंच होतं.

आता दर रविवारी दुपारी प्रियदर्शनी तो रिमोट चार्जिंगला लावते. उडवायला काहीच नसतं. ती त्याच्या शेजारी चटईवर आडवी होते, आणि आठवडाभराची झोप तिला तिथंच लागते. पंचफुलाबाई शपथेवर सांगते, अश्विनचं जहाज बंदराला लागलं की रिमोटवरचा हिरवा दिवा दोनदा मिचकतो.