गोलाबाहेरचं माणूस

वस्तीला पाणी पुरवणाऱ्या जुन्या खाणीत पाणबुड्या दर महिन्याला उतरायचा. काम साधंच: पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायचं. बायको काठावर त्याची दोरी धरून बसायची. आधी पंपाचं बटण बंद, मगच पाण्यात पाय, हा दोघांचा शिरस्ता. त्या दुपारी नेमकी वीज गेलेली. "अहो, वीजच नाही, बटणाचं काय घेऊन बसलात? उरका लवकर," ती म्हणाली, आणि त्यालाही ते पटलं. आळस माणसाला कधी नडेल, सांगता येत नाही बघा!

तळाशी गाळ ढवळला आणि हातभरापलीकडचं दिसेना. वर मात्र पाणी नितळ. सवयीनं त्यानं मान वर केली. पाण्याखालून वरचं सगळं जग एका गोल खिडकीत मावतं. आकाश, झाडं, पंपघर, सगळं दाटीवाटीनं. त्या गोलाबाहेर नुसता आरसा. गोलाच्या कडेला बायको दिसली, इवलीशी. आणि तिच्या जरा पलीकडे आणखी कोणीतरी... लाटांमुळे असेल, पण उलटं दिसत होतं.

ते जोरजोरात हात हलवत होतं. वर जा... वर जा...

'कोण हा शहाणा?' पाणबुड्या वैतागला. दोनच मुठी शेवाळ उरलं होतं. पण त्या हातांत काही वेगळीच कळकळ होती. काम तसंच टाकून तो वर निघाला.

डोकं पाण्याबाहेर आलं न आलं, तोच पंप धडधडला. वीज आली होती! जाळीनं आता पाणी ओढायला सुरुवात केली. तिथे हात असता, तर तो सुटलाच नसता. बायकोनं दोरी ओढून त्याला काठावर घेतलं. "माझंच चुकलं हो..." तिला रडूच फुटलं.

"अगं, वाचलो ना! पण तो मला हात करणारा कुठे गेला?"

"कोण? इथे मी एकटीच आहे."

"तुझ्या पलीकडे, गोलाच्या जरा बाहेर..." बोलता बोलता त्यानं पाण्याकडे पाहिलं. गोलाबाहेर काठ दिसतच नाही. त्या आरशात दिसतो तो तळ, उलटा. त्यानं तिला ते सांगितलं.

बायकोनं डोळे पुसले. मग बायको पाण्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "फार उपकार झाले हो."

दुसऱ्या दिवशी बटण बंद करून तो पुन्हा उतरला. जाळी लख्ख होती. राहिलेलं शेवाळ शेजारच्या दगडावर नीट रचून ठेवलं होतं, आणि वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक गोटाही ठेवलेला होता.