पागाचं शिसं

संध्याकाळची दिवाबत्ती झाली, जप झाला, मगच हे लिहायला बसले आहे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट, एक गोष्ट आजवर लपवली होती, ती आज सांगणार आहे.

भुताखेताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

साल १९९२. सर्वपित्री अमावास्या, शनिवार. भरतीची वेळ. ठिकाण डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या खाडीकाठचं आमचं माहेरचं गाव. आणि ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा थोरला भाऊ, परशुरामदादा. त्याने हे सगळं मला पुढे बऱ्याच वर्षांनी, मान खाली घालून सांगितलं.

आम्ही खाडीवरचे कोळी. आमचे बापू, भिवाजी, एकोणऐंशीच्या भाद्रपदात खाडीत गेले ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी होडी खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, अडकलेली सापडली. होडीत त्यांचा पाग होता. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाचे मणी ओवलेले. शिशाच्या वजनाने काठ खाली जातो आणि मासा आत अडकतो.

तीन दिवस पावसात पडलेली होडी.

पाग मात्र कोरडा होता...

आमच्या घरात एक रीत होती. खाडीत गेलेल्या माणसाचं शरीर हाती लागलं नाही, तर त्याचं जाळं मुलाने भरतीच्या पाण्यात सोडायचं आणि त्याला नावाने हाक मारायची. जाळं तळाला बसलं की माणूसही बसला असं धरायचं. त्यानंतरच त्याचा टाक करायचा. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर गेलेल्याची मूर्ती, देवघरात पुजायला.

आईने, जनाबाईने, पाग सोडला नाही. माळ्यावर खुंटीला टांगून ठेवला.

"बापूस आला तर काय हातानं मासं पकडल?" असं म्हणायची.

तेरा वर्षं पाग तिथेच होता.

दादा ठाण्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. तिथल्या प्रधानसाहेबांनी त्याला एक वेड लावलं. बोटाएवढे शिशाचे सैनिक ओतायचे, रंगवायचे आणि टेबलावर जुन्या काळच्या लढाया खेळायच्या. हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, इंचाची टेप आणि फासे. कोणी रोमनांची फौज करायचा, कोणी मंगोलांची, कोणी चालुक्यांची. रविवारी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दहा-बारा संसारी माणसं जमायची आणि संध्याकाळपर्यंत वाकून वाकून पाठी दुखवून घ्यायची.

"मला सांगायचंत, भातुकलीपण आणून दिली असती," सगुणावहिनी म्हणायची.

दादा हसायचा. त्याने फौज निवडली होती ठाण्याच्या शिलाहारांची. आपल्या मुलखाचे राजे म्हणून. त्यांचा शेवटचा राजा समुद्रातल्या लढाईत बुडाला, हे त्याला प्रधानसाहेबांनीच सांगितलं होतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही.

अडचण होती शिशाची. भंगारवाल्याकडचं शिसं कचऱ्याचं. ओतलं की घोड्यांचे पाय तुटायचे, माणसांना नाक यायचं नाही. गणपतीनंतर मोठी स्पर्धा होती, आणि स्वतःची फौज असल्याशिवाय त्यात उतरता येत नव्हतं.

एका दुपारी आई बाजारात मासे घेऊन बसली होती. दादा माळ्यावर चढला.

बापूंनी ते मणी जुन्या, मऊ शिशाचे स्वतः ओतले होते. दादाने आधी एकच कापला. स्टोवर वितळवला. दुधासारखा साच्यात उतरला. नाक, डोळे, ढालीवरची नक्षी, सगळं आलं.

मग दुसरा कापला.

"आई काही हा पाग जन्मात सोडायची नाही," असं त्याने स्वतःला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पागाला एकही मणी उरला नव्हता. नुसतं जाळं त्याने होतं तसं टांगून ठेवलं, मणी नसलेला काठ भिंतीकडे करून.

फौज देखणी झाली. मी राखी बांधायला गेले तेव्हा पाहिली. रांगेने उभे भालाईत, हत्ती, घोडे. मी म्हटलं, "दादा, हे आता बोलतील."

मग रांगेतून एक सैनिक काढून त्याने माझ्या हातावर ठेवला.

"हा बिघडलाय. तुला हवा तर घे, शेवंते."

"काय बिघडलंय? छान तर आहे."

"ह्याचे डोळे राहत नाहीत. रात्री उघडे रंगवतो..."

"आणि?"

"सकाळी मिटलेले असतात."

मी हसले. कल्याणला घरी येताना तो माझ्या पर्समध्ये होता. त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

स्पर्धा अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी होती. दादाची पहिली गाठ कल्याणच्या काळुरामशी पडली. काळुरामची फौज तुर्कांची, आणि तोंड सगळ्या तुर्कांचं मिळून. खेळ अकराला सुरू झाला. तासभर नीट चालला.

बाराच्या सुमारास दादाच्या लक्षात आलं, त्याचं पायदळ जिथे ठेवलं होतं तिथे नव्हतं.

बोटभर मागे होतं.

त्याला वाटलं, आपलीच नजर. त्याने टेप लावून चार इंच पुढे सरकवलं. काळुरामची खेळी झाली. दादाने परत पाहिलं...

पायदळ पुन्हा मागे.

"काय रे परशुराम," काळुराम म्हणाला, "फौज आहे की वरात? पुढे ढकलतोस नि मागे येते."

"मी हात लावला नाही."

"मग काय उंदीर ओढतात?"

लोक जमले. प्रधानसाहेब पंच होते. त्यांनी चष्मा पुसला, स्वतः टेप धरली, खडूने खूण केली. सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले. हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

कोणी काही हलताना पाहिलं नाही.

पण थोड्या वेळाने खूण सैनिकांच्या पुढे राहिली होती. आणि मधल्या हिरव्या कापडावर ओला पट्टा होता...

प्रधानसाहेबांनी बोट लावून वास घेतला. हळूच म्हणाले, "चिखलाचा वास येतोय रे. खाडीचा."

दादाचं टेबल पश्चिमेच्या भिंतीशी होतं. फौज त्या बाजूला सरकत होती. त्या भिंतीपलीकडे, बऱ्याच अंतरावर, खाडी. कोळ्याच्या पोराला घड्याळ लागत नाही. पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपारची वेळ. भरती चढत होती.

तो डाव दादा हरला. पण संध्याकाळी उत्तम रंगकामाचा कप त्यालाच मिळाला. टाळ्या वाजल्या. प्रधानसाहेब म्हणाले, "दिवाळीत ही फौज आपण ठाण्यात प्रदर्शनात मांडू. पेपरवाले बोलावू."

कप घेऊन तो घरी आला. आई दारातच बसली होती.

"परश्या, आज दुपारी डोला लागला माजा," ती म्हणाली. "तुजा बापूस आला व्हता. म्हनला, जना, माजं जालं दे. ह्या अमावास्येला सोडू आपन."

तेरा वर्षं जी बाई ऐकत नव्हती, ती आपणहून सांगत होती.

इथे दादा थांबायचा. सांगताना त्याला पाणी लागायचं.

कारण त्याच्या हातात तेरा दिवस होते. फौज वितळवायची, मणी ओतायचे, ओवायचे. दोन रात्रींचं काम. त्याने स्टोसुद्धा बाहेर काढला होता. कढईत पहिला हत्ती ठेवला. मग कपाकडे पाहिलं. प्रदर्शन आठवलं, पेपरातला फोटो आठवला...

हत्ती त्याने कढईतून परत काढला.

कल्याणच्या बाजारातून त्याने लाकडी मणी आणले. शून्य नंबरच्या ब्रशने एकेक रंगवला. शिशाचा राखाडी रंग, त्यावर खाऱ्या पाण्याने चढतो तसा पांढरा थर, दोऱ्याने झिजल्याच्या खुणा. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने कधी केलं नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा, आणि सांगून तोंड फिरवायचा.

अमावास्येला आम्ही सगळे जमलो. वाडी दाखवली, कावळा शिवला. आईने माळ्यावरून पाग उतरवून घेतला. दोन्ही हातांवर पेलला.

"हलकं लागतंय रं."

"तेरा वर्षं वाळलंय, आई," दादा म्हणाला.

तिने एक मणी नखाने चाचपला. मग तो कपाळाला लावला आणि पाग त्याच्या हातात दिला.

बंदरावर अर्धा गाव आलेला. चुलते दामाजी, गणू, पंढरी, शेजारची गोदा. पाणी पायरीला लागलं होतं. वारा अजिबात नाही. दादाने पाग फेकला. त्याचा हात बापूंसारखाच. पाग हवेत गोल उघडला आणि पाण्यावर पडला.

"बापू..." दादाने हाक मारली.

पाग बुडाला नाही.

लाकडी मणी गोलाकार तरंगत राहिले. एकेक, तुकतुकीत, शिशासारखे दिसणारे. गोदाने तोंडाला पदर लावला. दामाजीकाकाने दादाकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. मला वाटतं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पाग पाण्याबरोबर वाहूनही जाईना. एका जागी थांबला होता. अगदी आमच्या समोर.

मग तो मधोमध वर उचलला गेला...

हळूहळू. खालून काहीतरी वर येत होतं. जाळं त्यावर ताणलं गेलं. माणसाच्या डोक्याएवढा उंचवटा. पाणी त्यावरून ओघळत होतं. जाळ्याच्या आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही. मी डोळे मिटले होते. दादाने पाहिलं. काय पाहिलं, ते त्याने कधीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "डोळे मिटलेले होते, शेवंते."

पुन्हा पाहिलं तेव्हा जाळं सपाट होतं. ओहोटी लागली आणि ते निघून गेलं. पुढे कोणाला सापडलं नाही.

आई पायरीवर उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"त्याला बुडायलाबी नाय दिलंस रं, परश्या."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने पंढरीची होडी मागून घेतली. एकटाच गेला. पिशवीतून एकेक सैनिक काढून पाण्यात सोडत राहिला. भालाईत, घोडे, हत्ती. आणि शेवटी कप. तो म्हणायचा, कप पडल्याचा आवाज आला. सैनिकांचा एकाचाही आला नाही. डुबुक नाही, तरंग नाही. जसं कोणी खालून हातात घेत होतं...

तिथून तो तसाच ओल्या कपड्यांनी कल्याणला माझ्या दारात आला.

"तुला दिलेला तो एक. तो दे."

मी त्याच्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, "दादा, तो कधीच हरवला रे."

तो उंबऱ्यावरूनच परत फिरला.

आई पुढे सात वर्षं जगली. दादाशी बोलायची, त्याच्या मुलांना जवळ घ्यायची. पण त्याच्या हातचं पाणी तिने घेतलं नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा तो पेला घेऊन पुढे झाला, तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. माझ्या हातचं प्यायली.

माझ्या हातचं.

सैनिक हरवला नव्हता. राखीला तो घरी आणला तेव्हाच मी ठरवलं होतं, हाच बापूंचा टाक. बापूंना टाक नाही, नाव घ्यायला मूर्ती नाही. माहेरचा देव सासरच्या देवघरात ठेवत नाहीत, म्हणून मी त्याला, मिटल्या डोळ्यांनी तसाच, बाळकृष्णाच्या मागे ठेवला. शिसं कुठलं होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. लाकडी मणी तरंगताना पाहिले तेव्हा कळलं; दादा दारात आला तेव्हा माहीत होतं.

तरी दिला नाही. आईने पाग सोडला नव्हता, तसंच काहीसं झालं असावं. मी सोमवार धरते, चतुर्थी धरते, रोज पोथी वाचते. आणि भावाच्या तोंडावर खोटं बोलले. कोणत्याही उपासाने ते फिटलेलं नाही.

रोज सकाळी मी देवांना अंघोळ घालते. कल्याणच्या नळाचं पाणी, गोडं. तुळशीपत्र टाकून तेच तीर्थ म्हणून घेते. पूर्वी सगळ्यांना द्यायचे. आता कोणाला देत नाही.

ते खारट लागतं.

आणि अमावास्येला, दुपारी, बाळकृष्णाच्या मागे वाकून पाहायचं धाडस मी करत नाही.

मागच्या वेळी पाहिलं, तेव्हा सैनिकाचे डोळे उघडे होते...