जखमेची हाक

डॉ. इंदुमती नगराळे यांनी पडद्यावरची आकृती तिसऱ्यांदा मोठी करून पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले. आदल्या दिवशी त्यांनी काचेच्या बशीतल्या पेशींच्या थरावर एक बारीक चरा ओढला होता. एरवी अशा चऱ्याच्या दोन्ही काठांवरून पेशी सरकत येतात आणि दिवसभरात तो बुजवून टाकतात. या पेशी जागच्या हलल्याच नव्हत्या.

"आपल्याच औषधामुळे," त्या म्हणाल्या.

शेजारी शल्यचिकित्सक डॉ. फिरोज सय्यद उभे होते. चंद्रपूरजवळच्या या फुप्फुसरोग केंद्रात दोघांनी सहा वर्षं एकत्र काढली होती. अकरा रुग्ण, अकरा गाठी, आणि एकही गाठ पसरलेली नाही. २०४३ साली एवढं यश फार थोड्यांच्या वाट्याला आलं होतं.

"म्हणजे आपले रुग्ण गेडाम यांच्या टाचेची जखम आठ महिने भरत नाही, ती मधुमेहामुळे नव्हे?"

"नाही. आपण बंद पाडलेल्या त्या मौनी आरएनएमुळे. एवढा लांबलचक रेणू, पण त्यापासून एकही प्रथिन बनत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला अडगळ मानलं. प्रत्यक्षात पेशीला शेजारणीपासून सुटून चालू पडायला तोच लावतो. गाठीत तो बेसुमार वाढतो, म्हणून कर्करोग पसरतो. पण जखम बुजवायला कातडीच्या पेशींनाही चालावं लागतंच की."

"मग महिनाभर औषध थांबवू."

"आणि गाठ चालू पडली तर?"



औषधाचं नाव गतिरोधक. रुग्ण त्याला स्पीडब्रेकर म्हणत. सोनबा गेडाम यांनी कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं काढली होती. नगराळे मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, काही न लपवता. ते खाटेवर पाय लांब करून ऐकत होते. टाचेवरच्या पट्टीतून पाणी झिरपत होतं.

"मॅडम, सहा वर्षं झाली. गाठ मरत नाही, मी मरत नाही, आता घाव भरत नाही. सारं थांबूनच आहे," ते म्हणाले. "मले कंटाळा आला जी. करा बंद ते औषध."

"गाठ पसरली तर मी काही करू शकणार नाही, सोनबाजी."

"माईत आहे."

त्यांनी सही केली. पाच आठवड्यांत जखम मिटली. मॅडमना त्याचा आनंद झाला नाही. त्या स्कॅनची वाट पाहत होत्या. मेंदू, यकृत, हाडं, सगळीकडे शोधलं. काही सापडेना. मग सय्यदांनी फुप्फुसाचं चित्र पुढे ओढलं. गाठीच्या जागी नुसता वण होता.

गाठ टाचेत होती. भरलेल्या जखमेच्या खाली, लिंबाएवढी.

 नगराळे मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मौनी रेणू फक्त पाय मोकळे करतो, फिरोज. दिशा देत नाही. दिशा जखम देते, ती पेशींना हाक मारत असते. एरवी अशी हाक नसते, म्हणून सुटलेल्या पेशी वाट फुटेल तिकडे जातात. इथे आठ महिने हाक साठत गेली. आपण रस्ता उघडला आणि सगळ्या एकाच ठिकाणी गेल्या."

सय्यदांनी गुडघ्याखालून पाय कापला. तीही जखम होती, तिनेही हाक मारली. पण यायला कोणी उरलं नव्हतं. चार महिन्यांनी गेडाम कुबड्या घेऊन गावी गेले, रोगमुक्त होऊन.

नीतिसमितीच्या अकरा बैठका झाल्या. शेवटी परवानगी मिळाली: ज्याची इच्छा असेल त्याला. निरोगी अवयवावर जखम करायची, गतिरोधक चालू ठेवून ती आठ महिने भरू द्यायची नाही, मग औषध थांबवायचं आणि गाठ तिथे ओढली गेली की तो अवयव कापायचा. इतकी वर्षं जखमा भरायला शिकलेल्या माणसांनी हे करायचं होतं.

पहिल्या आल्या कुंदा रामटेके. शिवणकला शिकवायच्या. पाच वर्षांपासून त्या गतिरोधकावर होत्या, आणि दर तपासणीला 'जैसे थे' ऐकून निमूट परत जात.

"हात नको, मॅडम. कात्री धरायची असते," त्या म्हणाल्या. "पाय घ्या. डावा. मशीनचं पायडल मी उजव्यानं हाणते."

"विचार करायला अजून वेळ आहे, कुंदाताई."

"विचारच करत होते इतकी वर्षं."

त्यांनी चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवला. मॅडमनी तो हातात घेतला. पाऊल स्वच्छ होतं, टाचेला साधी भेगही नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि जखम कुठे करायची त्या जागेवर खूण केली.