सहा दशांश मिलिमीटर खाली आजोबा

चकतीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. तरीही कुडाळच्या ग्रंथालयातल्या जुन्या ब्लू-रे यंत्रानं तिसऱ्यांदा ती बाहेर ढकलली आणि पडद्यावर लिहिलं, 'ही चकती ओळखता येत नाही.'

दहा वर्षांच्या पालवीचा चेहरा उतरला. तिचे बाबा कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत. पण घोड्यावरून कोलांटी मारून पुन्हा खोगिरावर बसणारा स्वार त्यांना कधीच जमला नव्हता. ती करामत आजोबांची. ते २००८ साली वारले, तेव्हा बाबा फक्त नऊ वर्षांचे होते. त्याआधी महिनाभरच एका जपानी अभ्यासक बाईंनी आजोबांचा खेळ चित्रित करून ही चकती पाठवली होती. ती लावायचं यंत्र घरात कधी आलंच नाही. आता २०४१ साल उजाडलं होतं.

बाबा पालवीला घेऊन वेंगुर्ल्याला गेले. तिथे हेमांगी केळुसकर या प्रकाशशास्त्रज्ञ बाईंची छोटी प्रयोगशाळा होती. सगळे त्यांना मावशी म्हणत.

मावशींनी चकतीवरची बारीक अक्षरं वाचली. "अगं, ही ब्लू-रे नाहीच! ही एचडी डीव्हीडी. शर्यतीत हरलेली."

"चकत्यांची शर्यत?"

"हो तर! डीव्हीडीवरच्या खुणा लाल लेसर वाचायचा. चित्र जास्त स्पष्ट हवं तर खुणा जास्त हव्यात, म्हणजेच बारीक हव्यात. जाड खडूनं बारीक अक्षर निघेल का? म्हणून निळा-जांभळा लेसर आला. त्याची तरंगलांबी (लाटेच्या दोन माथ्यांमधलं अंतर) कमी, त्यामुळे ठिपका बारीक पडतो. इथपर्यंत दोन्ही गटांचं एकमत होतं."

"मग बिनसलं कुठे?"

"खुणा किती खोल ठेवायच्या, यावर. एचडी डीव्हीडी काढणाऱ्या तोशिबाच्या गटानं त्या साध्या डीव्हीडीसारख्याच सहा दशांश मिलिमीटर प्लास्टिकखाली ठेवल्या. जुन्या कारखान्यांत थोडा बदल केला की काम भागायचं. सोनी आणि तिच्या जोडीदारांनी त्या फक्त एक दशांश मिलिमीटर खाली ठेवल्या. भिंग खुणांच्या जवळ आलं, ठिपका आणखी बारीक झाला. एका थरात पंधराऐवजी पंचवीस गिगाबाइट मावले."

"म्हणून ब्लू-रे जिंकली?"

"तेवढ्यानंच नाही. सोनीच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रातून ती घरोघर पोचली. चित्रपट कंपन्याही तिच्याकडे वळल्या. २००८च्या फेब्रुवारीत तोशिबानं माघार घेतली."

"म्हणजे आजोबा हरलेल्या चकतीतच अडकले," पालवी हळूच म्हणाली.

"अडकायला काय झालं? ब्लू-रे यंत्राचा प्रकाश चुकीच्या खोलीवर एकवटतो, एवढंच. आपण खोली बदलू."

मावशींनी चकती आपल्या यंत्रात ठेवली. त्यात वीज दिली की आकार बदलणारं भिंग होतं. त्यांनी ते सावकाश जुळवलं. पडद्यावर आकड्यांच्या रांगा धावू लागल्या.

"पण हे तर नुसते आकडे!" बाबा म्हणाले.

"त्यांचं चित्र कसं करायचं, याचे नियम तेव्हाच्या अभियंत्यांनी लिहून ठेवलेत. त्यांची मेहनत बाजारात हरली, पण वाया नाही गेली."

आणि चित्र उमटलं. जपानी बाईंनी खेळ बाहुल्यांच्या पडद्यामागून टिपला होता! आजोबांचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते. स्वार उडाला, कोलांटी मारून खोगिरावर बसला.

बाबा ताडकन उठले. "करंगळी! अप्पा करंगळीनं सोडतात दोरी! मी इतकी वर्षं अंगठ्यानं ओढत बसलो." त्यांचा हात हवेत आपोआप हलू लागला. डोळे भरून आले. "मावशी, तुमचे उपकार कसे..."

"माझे थोडेच. चित्रित करणाऱ्या बाईंचे माना. नियम लिहिणाऱ्यांचे माना."

घरी आल्यावर स्वार दोन दिवस धपाधप पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खोगिरावर बसला, तेव्हा पालवीच्या आईनं हातातली परात खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. बाबांनी लगेच जपानला पत्र लिहायला घेतलं.

पालवीनं बाबांचे हात चित्रित केले आणि ते मावशींकडून काचेच्या पट्टीवर उतरवून घेतले. मग एका जाड कागदावर ती वळणदार अक्षरात लिहू लागली. खुणा कुठल्या रंगाच्या प्रकाशानं वाचायच्या, किती खोल आहेत, आकड्यांचं चित्र कसं करायचं.

"हे कुणासाठी गं?" बाबांनी विचारलं.

"नाव नाही माहीत," पालवी म्हणाली. "अजून जन्माला यायचंय ते."